गाण्याखालचे ओठ

आधीच सांगून टाकते, माझं शुद्धलेखन कच्चं आहे. शाळा चौथीपर्यंत झाली, आणि ऱ्हस्व-दीर्घ शिकवायच्या वेळेलाच आमच्या बाई बाळंतपणाला गेल्या, त्या परत आल्याच नाहीत. अक्षराबद्दलही माफी असावी. साड्यांवर टिकल्या चिकटवून माझ्या बोटांची टोकं गोंदानं इतकी कडक झाली आहेत की पेन धरलं तरी धरल्यासारखं वाटत नाही. माफी कुणाची मागते आहे ते मलाही माहीत नाही, कारण हे कुणी वाचावं अशी माझी इच्छा नाही. मुलीच्या जुन्या वहीतली कोरी पानं आहेत. लिहून झाली की साड्यांच्या गठ्ठ्याखाली ठेवून देईन. मला चार माणसांत बोलता येत नाही. घशात येतं आणि तिथंच राहतं. म्हणून लिहिते.

आमचे हे लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कारीगर आहेत. लूमच्या कारखान्याचा आवाज ज्यानं ऐकला नाही त्याला तो सांगून कळणार नाही. तिथे ओरडून काही उपयोग नसतो, म्हणून लूमवाले ओठांनी बोलतात. आवाज काढायचा नाही, नुसते ओठ हलवायचे, समोरच्यानं बघून समजायचं. चहा आला, धागा तुटला, शेठ येतोय, सगळं ओठांवर. लग्न होऊन मी खान्देशातून या गुजराती मुलखात, लिंबायतला आले तेव्हा सुरुवातीला मीही बॉबिन भरायला जात होते. महिनाभरात मलाही ते वाचता यायला लागलं. आमच्या गल्लीत निम्म्या बायकांना येतं.

घर म्हणजे एक खोली. सासू तिथंच, पुढे मुलगी झाली तीही तिथंच. त्यामुळे नवराबायकोचं जे काही बोलणं असतं ते आमचं बिनआवाजी झालं. झिरोच्या दिव्यात हे ओठ हलवायचे आणि मी बघायचे. 'ही साडी तुला शोभते' असं ते मोठ्यानं मला आजवर एकदाही म्हणालेले नाहीत. ओठांनी म्हणालेत. माझ्याकडे दागिना म्हणावा असं काही नाही. ते बोलणं मी दागिन्यासारखं जपलं होतं.

गल्लीच्या तोंडाशी लग्नाचं शूटिंग करणारा एक तरणा माणूस राहतो. दुसऱ्यांच्या हळदी आणि वराती काढून काढून तो कंटाळला असावा. आपल्या अहिराणीत एक सिनेमा काढायचा आणि मोबाईलवर टाकायचा असं त्याच्या मनानं घेतलं. गोष्ट त्यानंच रचली. एका श्रीमंताचा खून होतो. मसणात लाकडं रचणारा एक माणूस असतो, त्याला गावात कुणी ओट्यावर बसू देत नाही. आणि एक बोहारीण असते, जुने कपडे घेऊन भांडी देणारी. तिच्या बोचक्यात रक्ताचा डाग असलेला सदरा येतो. पोलीस सगळ्या गावाला विचारतात, पण या दोघांना कुणी विचारत नाही, कारण माणसांत त्यांची गणतीच नसते. मग ते दोघंच शोध लावतात. आणि लावता लावता त्यांचं एकमेकांवर मन बसतं.

तर हा शूटिंगवाला एक दिवस आमच्या दारात आला, ह्यांच्याकडे निरखून बघत म्हणाला, "मामा, तुमचा चेहरा बघितला ना, की वाटतं हा माणूस मसणातच राहत असणार."

दुसरा कुणी असता तर चिडला असता. हे चक्क लाजले.

सासू म्हणाली, "जित्ता माणूसनी मसणमा बसानं कसाले रे भाऊ? अपशकुन शे."

"आजी, नुसतं सोंग आहे. सगळा खान्देश बघेल तुमच्या लेकाला."

"मंग बसाड," सासू म्हणाली.

नटी आणायला त्याच्याकडे पैसे नव्हते. म्हणून त्यानं आमच्या गल्लीत येणारी खरीखुरी बोहारीणच घेतली. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची टोपली, पाठीला जुन्या कपड्यांचं बोचकं. खाडीच्या कडेला झोपड्या आहेत तिथली. नवऱ्यानं टाकलेली. आम्ही तिला लांबूनच हाक मारायचो, पायरीखाली बसवायचो, आणि पाणी मागितलं तर वरून तिच्या ओंजळीत ओतायचो. मीही तसंच करायचे. सगळ्या करायच्या म्हणून.

वयानं ती माझ्याएवढीच असेल. पण ती हसली की मान मागे टाकून, सगळे दात दाखवून हसायची. मला हसू आलं की माझा पदर आधी तोंडावर जातो. ती भर गल्लीत पाय पसरून बसायची, घासाघीस करायची, समोरच्या काकूंना म्हणायची, "काकी, या चादरीत उंदरांनी संसार केला, आणि तू पातेलं मागते?" बायका तिला शिव्या घालायच्या आणि तिच्याशिवाय कुणाकडून भांडी घ्यायच्या नाहीत. तेव्हा मला ती आवडायची. हेही लिहून ठेवते.

शूटिंगवाला म्हणाला, "मामी, तुमच्याकडे हिरवी साडी आहे ना? गाण्याला द्या. उजेडात खुलेल." मी काही बोलायच्या आत हे म्हणाले, "दे ना, काय खाते का ती साडी?" माझी ती चांगली साडी होती. माझ्या भावानं दिलेली. बोहारणीनं ती हातात घेतली, सवयीनं उजेडात धरली, काठावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "बेन, हिची परात आली असती. पण इथे रफू आहे. आता नुसता डबा."

सगळ्या हसल्या. मीही हसले, पदराआड. पण तो रफू मी इतका बारीक केला होता की ह्यांना इतक्या वर्षांत दिसला नव्हता, आणि तिनं सगळ्यांसमोर बोट ठेवलं.

शूटिंग सुट्टीच्या दिवशी आणि लूमची पाळी संपल्यावर चालायचं. कधी डिंडोलीकडच्या मोकळ्या मैदानात, कधी खाडीच्या काठाला. हे पाळी करून यायचे, दमलेले असायचे, तरी अंघोळ करून, केसांना पाणी लावून भांग पाडून जायचे. मसणातल्या माणसाला भांग कशाला लागतो? मी विचारलं नाही. परत आले की सासूला सगळं सांगायचे, आज असं झालं, तसं झालं, ती बोहारीण कशी चितेच्या खोट्या लाकडांना अडखळून पडली. हसत सांगायचे. मला घरात लूमच्या पगाराचं आणि मुकादमाचं सोडून काही सांगायचे नाहीत. आणि झिरोच्या दिव्यात भिंतीकडे तोंड करून झोपून जायचे. भिंतीला ओठ नसतात, पाठीलाही नसतात.

एकदाच मी डबा घेऊन गेले होते. खाडीच्या काठाला, बाभळीच्या सावलीत ते दोघं बसले होते आणि मध्ये एक जर्मनचं ताट होतं. शूटिंगवाला म्हणाला, "आता मामा, अर्धी भाकर मोडा, तिला द्या. बघा तिच्याकडे. पहिल्यांदाच कुणी तुमच्या ताटात जेवतंय, असं बघा." आणि ह्यांनी भाकर मोडली. तिला दिली. तिनं घेतली. दोघं एका ताटात जेवले.

आमच्याकडे पुरुष आधी जेवतात, मग बाई. लग्नात घास भरवला तो सोडला तर ह्यांच्या ताटात माझा हात कधी गेला नाही. शूटिंगवाला म्हणाला, "परत एकदा!" त्यांनी परत भाकर मोडली. भाकर माझ्या हातची होती. सकाळी मीच थापून दिली होती. मी डबा तिथल्या दगडावर ठेवला आणि चालत घरी आले. रिक्षाचे पैसे कमरेला होते, तरी चालत आले.

त्याच दिवसांत माझी भिशी लागली होती. टिकल्यांच्या मजुरीतून आठवड्याला बाजूला काढून मी ती भरत होते. मला पिको-फॉलची मशीन घ्यायची होती. मशीन आली की दुसऱ्याच्या साड्यांना गोंद लावत बसायला नको, दारात पाटी लावायची, बायका आपण होऊन येतील, मला कुणाच्या दारात जाऊन बोलावं लागणार नाही. माझ्यासारखीला हे फार मोठं आहे. पैसे मी ह्यांच्या हातात दिले, मशीन बाजारातून पुरुषमाणसानंच आणावी म्हणून. हे म्हणाले, "दुकानात माल संपलाय. येईल तेव्हा आणतो." मी म्हटलं, बरं.

सिनेमा पुरा झाला तेव्हा शूटिंगवाल्यानं ठरवलं की मोबाईलवर टाकायच्या आधी गल्लीला दाखवायचा. कारखान्याच्या शेठनं, तो पण हौशी, सुट्टीच्या दिवशी शेड उघडून दिली. दुपारची वेळ. दारं-खिडक्या लावून घेतल्या, झरोक्यांवर पोती टाकली. पडदा म्हणून त्याच कारखान्यात विणलेलं कोरं, रंग न चढलेलं कापड दोन लूमच्या मध्ये ताणून बांधलं. माणसं लूमच्या मधल्या वाटेत बसली, पोरं लूमवर चढून बसली. मी त्या शेडमध्ये पहिल्यांदाच शांतता ऐकली. यंत्रं बंद असताना तिथे तेलाचा वास जास्त येतो.

हे पुढे पुरुषांत बसले होते. बोहारीण दारापाशी, एकटी. तिच्याजवळ चार माणसांची जागा रिकामी होती, आणि लोक दाटीवाटीनं दुसरीकडे बसले होते.

सिनेमा चांगला होता. खोटं कशाला लिहू. ह्यांचा चेहरा त्या कापडावर एवढा मोठा झाला आणि मला वाटलं, हा माणूस मी पाहिलेलाच नाही. डोळ्यांत असं काही होतं की समोरच्या काकू पुटपुटल्या, "अगं, हा तर खरंच रडतोय." ती सदरा उजेडात धरते, डाग बघते, कुणाच्या घरातून आला ते आठवते, तेव्हा पोरंसुद्धा गप्प झाली. लोक आपापसात खुनी ओळखायला लागले. "मुनीम आहे." "नाही रे, तो पुजारी बघ कसा बघतो."

मग गाणं लागलं. खाडीचा काठ, ती माझ्या हिरव्या साडीत, आणि हे. गाणं वरून घातलेलं, कुठल्यातरी गायकाचा आवाज. खाली हे दोघं नुसते ओठ हलवतात. शूटिंगवाल्यानं सांगितलं असणार, काहीही बोला, गाण्यात कुठे ऐकू येणार आहे.

कुठल्याही गावात ते चाललं असतं. पण समोर सगळे लूमवाले बसले होते.

कॅमेरा ह्यांच्या तोंडाजवळ गेला. गाण्यात चंद्राचं काहीतरी चालू होतं. आणि ह्यांचे ओठ तिला म्हणत होते, 'घरी सांगू नको. तिले समजू देऊ नको.' एकदा नाही, पुन्हा म्हणाले. 'तिले समजू देऊ नको.' आणि ती हसून मान डोलावत होती.

शेडमध्ये गाणं चालू होतं, पण माणसं थांबली. मला ते पाठीवर कळलं. काकूंनी माझ्या मांडीवर हात ठेवला. दया करणारा हात वेगळा कळतो. पुढे पुरुषांतून कुणीतरी फस्सकन हसलं आणि म्हणालं, "काय रे भाऊ, मसणात काय काय पुरलंय?" ह्यांची मान खाली गेली. कापडावर मात्र ते तिच्याकडेच बघत होते.

त्यानंतरचा सिनेमा मी बघितला नाही. डोळे पडद्यावर होते, पण बघितला नाही. मेलेल्याच्या सख्ख्या भावानंच खून केला होता, जो चितेपाशी सगळ्यांत जास्त रडला तो, आणि त्याच्या बायकोनं तो सदरा देऊन तांब्या घेतला होता, हे मला दुसऱ्या दिवशी मुलीनं सांगितलं.

मी ह्यांना काही विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि मला उत्तराची भीती होती. नळावर बायका बोलायच्या थांबायच्या. एकजण तर तोंडावर म्हणाली, "तुझ्या साडीत तीच जास्त शोभली हो." साडी परत आली होती, धुऊन, घडी करून. तिला दुसऱ्या साबणाचा वास होता. मी ती परत धुतली. वास गेला, तरी मी ती नेसले नाही. टिकल्या लावता लावता माझ्या डोळ्यांपुढे ते ओठ यायचे, आणि हाताखालची वेल वाकडी व्हायची. ठेकेदारानं एक गठ्ठा परत केला. मला राग येत होता तो ह्यांनी दुसरी बाई बघितली याचा नव्हता, पुरुष बघतात. माझं बोलणं तिला दिलं याचा होता. जे झिरोच्या दिव्यात मला एकटीला मिळायचं ते ह्यांनी भर उन्हात, कॅमेऱ्यासमोर तिला दिलं.

आणि ती गल्लीत यायचीच बंद झाली. त्यानं तर माझी खात्रीच झाली.

बऱ्याच दिवसांनी एका दुपारी तिची हाक ऐकू आली, "जूऽना कपडा, भांडीऽऽ". हे पाळीवर होते. सासू देवळात गेली होती. मी आयुष्यात पहिल्यांदा दारात उभी राहून मोठ्यानं हाक मारली. "ए भांडीवाली!"

ती आली, पायरीखाली टोपली उतरवली. टोपलीत पूर्वीच्या निम्मीसुद्धा भांडी नव्हती. मी आत जाऊन ह्यांचा सदरा आणला. सिनेमात घातला होता तोच. तिच्यापुढे टाकला.

"याचं काय देते?"

तिनं सदरा हातात घेतला, उजेडात धरला आणि परत पायरीवर ठेवला. "हा नको, बेन."

"का? फाटका नाही. डाग नाही."

"भाईचा आहे."

"भाई!" मी म्हटलं. माझा आवाज असा असतो हे मला माहीतच नव्हतं. "भाई तर तू दूधवाल्यालाही म्हणते. काय समजू द्यायचं नव्हतं मला? गाण्यात काय सांगत होते?"

तिनं टोपली बाजूला सरकवली. मग पायरीवर बसली. खाली नाही, पायरीवर. मी तिला उठवलं नाही.

"बेन, गाण्यात काय म्हणत होते ते मला काय ठाऊक? नुसते ओठ हलवत होते. मला वाटलं, मंत्र म्हणतात मसणातला. शूटिंगवाला बोलला, हस आणि मान हलव. मी हलवली. मग चहाच्या टपरीवर भाईंनी मोठ्यानं सांगितलं, तेव्हा कळलं."

"काय सांगितलं?"

"की पैशाचं घरी बोलू नको. तिचे मशीनचे आहेत."

मग तिनं सांगितलं ते असं. शूटिंगच्या दिवसांत तिची फेरी बुडत होती. शूटिंगवाला देतो म्हणाला होता ते त्यानं दिलं नव्हतं, तो स्वतःच बुडाला होता. त्यात खाडीचं पाणी झोपड्यांत शिरलं आणि साठवलेली बोचकी कुजली. ते जुने कपडे बाजारात विकून ती भांड्यांच्या व्यापाऱ्याचं फेडायची. व्यापाऱ्यानं भांडी तर दिली नाहीतच, टोपलीही ठेवून घेतली. टोपलीशिवाय बोहारीण म्हणजे काय, बिनलूमचा कारीगर. ती सिनेमा सोडून जायला निघाली. तेव्हा ह्यांनी माझी भिशी तिच्या हातात ठेवली.

"मी येणार होते सांगायला," ती म्हणाली. "पण त्या दिवशी शेडमध्ये सगळे माझ्याकडे असे बघत होते, बेन. मला वाटलं, माझ्या अंगावर काही पडलंय का."

मी सदरा उचलला आणि आत गेले. तिला जा म्हटलं नाही, थांब म्हटलं नाही. ती थोड्या वेळानं गेली.

संध्याकाळी हे आले. मी चहा दिला आणि सासूच्या पाठीमागे उभी राहून ओठांनी म्हटलं, 'मशीन तिला दिली?'

ह्यांनी कप खाली ठेवला. मग मोठ्यानंच म्हणाले, "सिनेमा अर्धा राहिला असता. तिचा धंदा आपल्या पायी बुडाला होता."

सासू म्हणाली, "कोना धंदा?"

"विचारलं का नाही मला?" आता मीही मोठ्यानं म्हटलं.

"तू नाही म्हणाली असतीस."

मी नाहीच म्हणाले असते. ते खरं होतं, म्हणून मला जास्त लागलं. तिचं दुःख ह्यांना दिसलं, आणि माझं 'नाही' ह्यांना न विचारताच ठाऊक होतं.

"सिनेमा फार महत्त्वाचा होता," मी म्हटलं.

"तुला नाही कळणार," हे म्हणाले. "त्या कारखान्यात मला कुणी एवढ्या जवळून बघितलं नाही कधी." त्यांना कॅमेरा म्हणायचा होता. तिच्याबद्दल म्हणायचं असेल तर मला माहीत नाही. मी अजून ठरवू शकलेले नाही.

पुढच्या वेळी ती आली तेव्हा मी एकच सांगितलं. "पैसे माझ्या हातात द्यायचे. त्यांच्या नाही." ती म्हणाली, "तुझेच आहेत, बेन, तुलाच देणार." त्या दिवसापासून ती दर आठवड्याला यायची, कधी जास्त, कधी अगदीच थोडे द्यायची. समोर काकू तांदूळ निवडत कान लावून बसायच्या. पैशाचं गल्लीला कळू नये, म्हणून मी बोहारणीशी ओठांनी बोलायला लागले. तिला आधी काही कळायचं नाही, अशी डोळे बारीक करून माझ्या तोंडाकडे बघायची, की मला हसू यायचं. मग हळूहळू शिकली. 'आज एवढेच.' 'चालेल.' 'पुढच्या शनिवारी.' काकूंनाही ओठ वाचता येतात हे शेडमध्ये दिसलं होतं, तरी आम्हा दोघींच्या लक्षात फार उशिरा आलं. काकूच एकदा म्हणाल्या, "शनिवारी मी घरी नाही, काय ते सोमवारी बोला."

सिनेमा मोबाईलवर गेला. खान्देशातल्या किती लोकांनी बघितला माहीत नाही, पण माझ्या माहेरच्यांनी बघितला. गाणं जास्त चाललं. सासू मुलीकडून रोज लावून घ्यायची आणि म्हणायची, "देख व, तुना नवरा कसा गोड दिखस." मी म्हणायचे, हो. पोरं ह्यांना मसणवाला म्हणून हाक मारायची, आणि हे ओ द्यायचे.

बोहारीण पाणी मागायची. पूर्वी ओंजळीत ओतायचे तसंच मी करत होते. पण एक दिवस हे रात्रपाळी करून दिवसाचे खाटेवर पडले होते, आणि ती मान वर करून, गळा उघडा टाकून ओंजळीनं पाणी पीत होती, आणि मला वाटलं, हे बघताहेत. दुसऱ्या वेळेपासून मी तिला पेला दिला. घरातलाच. नळावर बायका म्हणाल्या, ही बघा, किती मोठ्या मनाची. मी त्यांना काही सांगितलं नाही.

एकदा ती म्हणाली, "बेन, ती हिरवी साडी नेसत नाही तू?" मी म्हटलं, "रफू आहे." ती जोरात हसली, मान मागे टाकून. "अगं, तो रफू माझ्याशिवाय कुणाच्या बापाला दिसणार नाही. भाव पाडायला बोलले होते. धंद्याची सवय." मी पदराआड हसले. ती गेल्यावर साडी काढून उजेडात धरली. खरंच दिसत नव्हता.

तरी शनिवार आला की मी सकाळपासून बघत असे, ह्यांची पाळी कुठली आहे. दिवसपाळी असली की मला बरं वाटायचं. घरी असले की ते नेमके ती यायच्या वेळेला उठून बसायचे. कदाचित चहाची वेळ म्हणून. चहाची वेळ तीच होती, हे मला कबूल आहे.

परवा ती शेवटचे घेऊन आली. टोपली वरपर्यंत भरलेली होती, तळाशी दोन पितळी घंगाळंसुद्धा होती. हे खाटेवर बसून बशीतून चहा पीत होते. ती पायरीवर बसली, कमरेची पिशवी सोडली, नोटा माझ्या हातात दिल्या. मी मोजल्या नाहीत, तिनंच मोजायला लावल्या. काकू समोर होत्याच, तरी सवयीनं तिनं ओठांनी म्हटलं, 'पुरे झाले?'

मी ओठांनी म्हटलं, 'पुरे झाले.'

ती पाणी प्यायली, तिनं पेला उपडा ठेवला, टोपली डोक्यावर चढवली. मग माझ्या खांद्यावरून आत बघितलं, आणि ह्यांच्याकडे बघून, आवाज न करता, ओठ हलवले. माझ्याकडूनच शिकलेल्या भाषेत. मला तिचे ओठ स्पष्ट दिसले. ती म्हणाली, 'येते, भाई.'

ह्यांच्या तोंडाला बशी होती. त्यांना दिसलं नाही. बशी खाली ठेवून त्यांनी दाराकडे बघितलं तोवर ती गल्लीच्या वळणाला गेली होती. तिची हाक ऐकू येत होती, मग तीही ऐकू येईनाशी झाली.

"काय म्हणाली?" त्यांनी विचारलं.

मी नोटांची घडी केली, कमरेला खोचली.

"काही नाही," मी म्हटलं. "सगळे पैसे फिटले म्हणाली."